चरईतला खरखऱ्या : दोन फुटी टँकमधल्या तेरा इंची सकरचं प्रकरण

फोनवर ताई म्हणाल्या, "दादा, आमचे गोल्डफिश एकेक करून मरतायत. सकर तेवढा ठणठणीत आहे." सगळं प्रकरण या दोन वाक्यांत होतं. मला ते कळायला तीन फेऱ्या लागल्या.

मी ठाण्यात लोकांच्या घरी फिशटँक बसवून देतो, साफ करतो, बिघडलं तर बघतो. हे घर चरईतलं. जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला. घरात आजोबा, ताई आणि त्यांचा पाचवीतला मुलगा. टीव्हीशेजारी लोखंडी स्टँडवर दोन फुटी टँक. मापं २४ बाय १२ बाय १५ इंच, म्हणजे कागदावर ७० लिटर. खडे, फिल्टर आणि वरची मोकळी पट्टी वजा केली तर पाणी जेमतेम ५५ लिटर. सुरुवातीला यात चार ओरांडा, म्हणजे गुबगुबीत जातीचे गोल्डफिश होते, मी गेलो तेव्हा दोन उरले होते. आणि मागच्या काचेला लागून, लांबलचक काळसर ओंडक्यासारखा, सकर, म्हणजे काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडणारा मासा.

चार वर्षांपूर्वी तो आणला तेव्हा दोन इंचांचा होता. दुकानदाराने सांगितलं होतं, "हा घ्या, काचा साफ ठेवेल. याला वेगळं खाणं लागत नाही." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता कोणी सांगायच्या आधी मीच म्हणून टाकतो. मुलाने त्याचं नाव खरखऱ्या ठेवलं होतं, कारण रात्री झोपताना हॉलमधून त्याचा काच घासायचा आवाज यायचा. खरर्, खरर्. मी टेप बाहेरून काचेला लावून मोजला : १३ इंच. टँकची रुंदी १२.

हा हिशेब मी त्या दिवशी नुसता वहीत लिहिला. वळायचं झालं की तो शेपूट काचेला टेकवून, अंग जेवढं वाकेल तेवढं वाकवून, मग उरलेलं अंग ओढून घ्यायचा. पार्किंगमधून गाडी काढल्यासारखं, दोनतीनदा पुढेमागे. शेपटीच्या पराची खालची कड झिजून पांढरी पडली होती.

पहिल्या फेरीत मी पाण्याकडे बघितलं. पाणी तपासायची पट्टी बुडवली तर नायट्रेटचा, म्हणजे साठलेल्या घाणीचा, चौकोन गडद गुलाबी झाला, डबीवरच्या रंगांत शेवटून दुसरा. त्याच घराच्या नळाच्या पाण्यात पट्टी जवळपास पांढरीच राहिली. टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन निळं पडलेलं, कारण पहिला मासा गेल्यावर ताईंनी निळं औषध टाकलं होतं आणि दुसरा गेल्यावर पुन्हा, जरा जास्त. हे मेथिलीन ब्लू बुरशीवर चालतं, पण माशांची घाण पचवणारे जे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढलेले असतात त्यांनाही ते मारतं. मग अमोनिया वाढतो, मासा आणखी मरगळतो, लोक आणखी औषध टाकतात. मी अर्धं पाणी बदललं, औषध बंद करायला लावलं, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला म्हणून सांगितलं आणि पावतीवर "पाण्याचा दोष" असं लिहून जिना उतरलो. दोष होताच. पण तो एकटा नव्हता.

जाताना आजोबा म्हणाले होते, "रात्री झाकण आपटतं रे. डुबुक होतं आणि खाड्कन." मी म्हटलं एअर पंपाची थरथर असेल. दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी बघूनही सोडून दिली. दोन्ही ओरांडांच्या कुशीवर, पोटाच्या जरा वर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा सोललेली होती. खवले नाहीत, खाली लालसर कातडी. पर मात्र अखंड. सडक्या पाण्याने जखमा होतात तेव्हा परांच्या कडा आधी फाटतात, कुजतात. इथे पर नव्यासारखे होते आणि जखमा फक्त बाजूला, एकाच उंचीवर.

अकरा दिवसांनी तिसरा ओरांडा गेला. पाणी या वेळी बरं होतं, मी सांगितलेलं सगळं ताईंनी वहीत तारखेसह लिहून पाळलं होतं. मला त्या वहीची लाज वाटली.

दुसऱ्या फेरीत मी काही केलं नाही, फक्त विचारलं. जखमा सकाळी दिसतात की संध्याकाळी? सकाळी. सकरला खायला काय घालता? काही नाही, तो शेवाळ खातो ना. शेवाळ कुठाय? ताई हसल्या. दर रविवारी त्या स्वतः स्पंजने काचा पुसत होत्या, कारण सकर आता पूर्वीसारखं करत नाही म्हणून. सफाईसाठी आणलेल्या माशाच्या वाट्याला सफाई उरलीच नव्हती. गोल्डफिशचे दाणे वरच्या वर संपत होते. मी त्याचं पोट बघायचं म्हणून टॉर्च घेऊन खाली बसलो. तो समोरच्या काचेला चिकटलेला होता, पोट माझ्याकडे. भरलेल्या सकरचं पोट सपाट किंवा किंचित फुगीर असतं. याचं खोल गेलं होतं, वाटीसारखं.

तिसरी फेरी रात्री साडेदहाला. मुलाला जागायची परवानगी मिळाली होती, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हा सणच होता. आकाशकंदिलातला उरलेला लाल जिलेटीन कागद आम्ही टॉर्चला दोन पदरी गुंडाळला. लाल उजेडात मासे फारसे बुजत नाहीत. हॉलमधले दिवे घालवले. सकरच्या डोळ्यात एक गंमत असते ती मी मुलाला आधीच दाखवून ठेवली होती. उजेडात बुबुळाच्या वरच्या कडेवरून एक जिभेसारखा तुकडा खाली उतरतो आणि बाहुली घोड्याच्या नालासारखी दिसते. अंधारात तो तुकडा आक्रसतो आणि बाहुली गोल होते. दहाएक मिनिटांनी ती गोल झाली.

पहिल्यांदा आजोबांचं डुबुक झालं. सकर तळातून सरळ वर गेला, पृष्ठभागावर तोंड मारलं, हवेचा घोट घेतला आणि खाली वळताना शेपूट झाकणाला लागली. खाड्कन. आजोबा अंधारात म्हणाले, "पंप का रे?" मी गप्प बसलो. हा मासा कल्ल्यांनी श्वास घेतोच, पण पाण्यात प्राणवायू कमी पडला की हवा गिळतो आणि ती जठरात शोषून घेतो. अ‍ॅमेझॉनचं पाणी ओसरल्यावर कोमट, गढूळ डबक्यांत दिवस काढायची ही सोय. ५५ लिटरमध्ये रात्रीच्या रात्री तो हे करत असेल तर डबक्यात आणि या टँकमध्ये त्याला फारसा फरक वाटत नव्हता.

मग साधारण पाऊण तासाने ते झालं. उरलेला एक ओरांडा खालच्या कोपऱ्यात, खड्यांच्या जरा वर, झोपेत तरंगत होता. सकर काचेवरून सुटला, तळावरून सरकत आला आणि त्याच्या कुशीला तोंड लावलं. हल्ला म्हणावा असं काही नव्हतं. काच घासतो तसंच, सावकाश. ओरांडाने हिसडा दिला, दोन खवले लाल उजेडात चमकत खाली गेले, सकर पुन्हा काचेवर. वीस मिनिटांत तीनदा. मुलगा हळूच म्हणाला, "तो त्याला खातोय का?" खात होता, पण मांस नाही. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो. त्यात प्रथिनं असतात, आणि उपाशी सकरला एकदा ती चव लागली की सवय सुटणं कठीण. ओरांडा मंद, गुबगुबीत, पळता न येणारे. अरुंद टँकमध्ये त्यांना जायलाही जागा नाही.

सकरचं तोंड खाली असतं, ओठांची एक गोल चकती. ती चिकटते आणि आत बारीक दातांच्या रांगा पुढेमागे फिरतात. खाली काच आहे, दगड आहे की जिवंत कातडी, याने त्या यंत्राला फरक पडत नाही. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या ब्लू स्प्रिंग या झऱ्यात हेच मासे हिवाळ्यात उबेला आलेल्या मॅनटींच्या पाठीला डझनांनी चिकटतात. मॅनटी म्हणजे समुद्रगाईचे भाऊबंद, काहीशे किलोचे शांत प्राणी, अंगावर शेवाळ वाढलेलं. तिथल्या अभ्यासकांनी या चिकटण्याची नोंद केली आहे. चरईत मॅनटी नव्हता, ओरांडा होता.

त्या रात्रीच ओरांडाला निळ्या प्लॅस्टिकच्या टबात हलवलं, वेगळा स्पंज फिल्टर लावला. खरखऱ्यासाठी काकडीची जाडशी फोड उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून, थंड करून, स्टीलच्या चमच्यात खोचून तळाशी सोडली. सकाळी चमच्यावर नुसती हिरवी साल उरली होती. पुढचे दिवस दुधी, पालक, बुडणाऱ्या शेवाळाच्या गोळ्या, सगळं दिवे घालवल्यावर. त्याचं आतडं लांब, गुंडाळलेलं असतं. निकस गाळ आणि शेवाळ पचवायला तसंच लागतं. म्हणून तो जवळजवळ सतत खातो आणि जवळजवळ सतत बाहेरही टाकतो. खड्यांवर जे दोऱ्यासारखे लांब धागे पडत होते ते ताई इतके दिवस गोल्डफिशचे समजत होत्या. म्हणजे घाण काढायला आणलेला मासा टँकमधली सगळ्यात जास्त घाण करत होता.

आता हा नेमका कोण. दुकानात, आणि बऱ्याच पुस्तकांतही, याला प्लेकोस्टोमस म्हणतात. खरा हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस, ज्याला लिनियसने १७५८ साली नाव दिलं, तो दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येकडच्या गयानांमधला मासा, आणि दुकानात तो सहसा येतही नाही. आपल्याकडे सकर म्हणून विकले जातात ते टेरीगोप्लिक्थिस या गटातले. फरक पाठीवरच्या परात आहे. पुढचा जाड काटा सोडून मागची मऊ किरणं मोजायची : हायपोस्टोमसला साधारण सात, टेरीगोप्लिक्थिसला सहसा दहा किंवा जास्त. खरखऱ्याने पर पूर्ण उभारला तेव्हा फोटो काढून मुलाने बोट ठेवत मोजली. बारा. पोटावरचं नक्षीकाम त्याहून अवघड निघालं. ठिपके सुटे असले तर पार्डालिस, ठिपके जुळून किड्यांसारख्या वळवळत्या रेषा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. याला छातीकडे ठिपके होते आणि मागे रेषा. शोभिवंत माशांच्या धंद्यात वाढलेल्यांत अशी सरमिसळ नेहमीची, दोन्ही जातींचा संकर होतो. मी वहीत "टेरीगोप्लिक्थिस, मिश्र" असं लिहिलं. दोन्ही जाती ४० सेंटिमीटरच्या घरात जातात, दहा वर्षांवर सहज जगतात. खरखऱ्या तेव्हा ३३ सेंटिमीटरचा, वय चार.

म्हणजे हा टँक त्याला पुरणार नाही हे स्पष्ट होतं. आजोबांनी पेपर खाली ठेवला. "मग तलावात सोडू की. तलावपाळी इथं दोन मिनिटांवर आहे. जीव मोकळा होईल, पुण्यही लागेल."

या वाक्यावर मी जितका वेळ घालवला तितका रोगनिदानावरही नाही. कारण ते दुष्टपणाने म्हटलेलं नसतं. ठाण्यात वाढलेल्या माणसाला तलाव म्हणजे घरचं पाणी. कौपिनेश्वराला जायचं, मासुंद्याच्या, म्हणजे तलावपाळीच्या तलावाच्या, कठड्याशी थांबायचं, माशांना पाव घालायचा. घरातला मासा तिथे सोडणं त्याला सासरी पाठवल्यासारखं वाटतं.

आजोबा एकेक मुद्दा काढत गेले आणि ते बरोबर मुद्दे होते. पहिला : "हा एकटा. पिल्लं कुठून होणार?" मी म्हटलं, प्रत्येक घरात तो एकटाच असतो आजोबा. चरईतून एक, नौपाड्यातून एक, पाचपाखाडीतून एक. घरात एकटा, तलावात नाही. दुसरा मुद्दा : "बिळं पाडतो म्हणतोस, मासुंद्याला तर सगळीकडून दगडी कठडा." हे खरंच. नर सकर काठाच्या मातीत आडवं, फूट-दोन फूट, कधी त्याहून खोल बीळ खणतो. मादी आत अंडी घालते आणि नर राखण करतो. बांधलेल्या कठड्यात ते जमणं कठीण. पण ठाण्यातल्या प्रत्येक तलावाला सगळीकडून कठडा नाही, आणि पावसाळ्यात तलाव भरून नाल्याला मिळाला की कुठलं पाणी कुठं जाईल याचा भरवसा नाही. हा मासा थोडंफार मचूळ पाणीही सोसतो. तिसरा : "बगळे, खंड्या खातील की त्याला." इथे मी मुलाला पुढे केलं. त्याने दुपारीच टँकमध्ये हात घालून सकरच्या पाठीवरून बोट फिरवलं होतं आणि ओरखडा दाखवत होता. अंगावर हाडाच्या पट्ट्यांच्या रांगा, पट्ट्यांवर बारीक काटे. कुळाचं नावच लोरिकॅरिडी. लोरिका म्हणजे रोमन शिपायाचं छातीवरचं चिलखत. वर उचललं की पाठीचा आणि छातीचे काटे ताठ करून तो जागच्या जागी अडकवतो. असा मासा गिळणं पक्ष्याच्या गळ्याशी येतं.

मी मेक्सिकोच्या इन्फिएर्नियो जलाशयाचं सांगितलं, जिथे तिलापियाची, म्हणजे आपल्या चिलापीची, मोठी मासेमारी होती आणि मग जाळ्यांत हेच येऊ लागले, जाळी फाटू लागली. आजोबांना ते लांबचं वाटलं. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या भेऱ्या, म्हणजे सांडपाण्यावरची मत्स्यतळी, तिथलं सांगितलं. तेही लांबचं. मग उजनी म्हटलं. आजोबांचं गाव इंदापूरकडचं. "उजनीत पण?" उजनीतल्या जाळ्यांतही सकर येतो, आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. चिलापी निदान विकली तरी जाते. हे त्यांना पटलं. प्राणवायू आणि अंड्यांबद्दलच्या माझ्या सगळ्या व्याख्यानाने जे हललं नाही ते एका न विकल्या जाणाऱ्या माशाने हललं. मग त्यांनीच विचारलं, कायदा काय म्हणतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली तिने परकीय आक्रमक प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं यांवर निर्बंध घालायचा अधिकार केंद्र सरकारला दिला. बांगलादेशाने २०२३ मध्ये सकरवर बंदीच घातली.

बंदी आणि अधिकार जिथल्या तिथे. आपल्यापुढे १३ इंचांचा एक जिवंत मासा होता आणि त्याला जागा हवी होती. ज्या दुकानातून आणला त्याने हात जोडले, "एवढा मोठा कोणी घेत नाही हो." मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय तेव्हा बंद होतं. ताईंनी विचारलं तेव्हा मी लवंगाच्या तेलाचाही रस्ता सांगितला. योग्य प्रमाणात, सावकाश, मासा गुंगीत जातो आणि परत उठत नाही. तलावात सोडण्यापेक्षा तो बरा, हे माझं मत आहे आणि मी ते घरात मूल असतानाही सांगतो. मुलगा उठून आत गेला.

पाच आठवडे माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून त्याचा फोटो फिरला. ऐरोलीच्या एका गृहस्थांकडे सहा फूट बाय दोन बाय दोनचा टँक होता, साडेसहाशे लिटरच्या वर पाणी, दोन मोठे सिल्व्हर डॉलर आणि एक म्हातारा ऑस्कर. चपळ, खवलेदार, सकरला हिसडा देऊन निघून जाणारे. ते म्हणाले आणा.

पकडताना मी पुन्हा चूक केली. जाळी वापरली. त्याने काटे ताठ केले आणि ते जाळीच्या भोकाभोकांत अडकले. वर काढल्यावर छातीच्या काट्यांच्या सांध्यातून करकर असा कोरडा आवाज काढायला लागला, दार कुरकुरावं तसा. मुलाने तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. ओढलं असतं तर काटा मोडला असता, म्हणून जाळीच कात्रीने कापली आणि आजोबांचा जुना पंचा भिजवून त्याला त्यात धरलं. पिशवीत घालायचा प्रश्नच नव्हता, काट्याने ती फुटली असती. मासळीबाजारातून आणून दोनदा धुतलेला थर्माकोलचा डबा, तळाला टँकचंच पाणी, वर झाकण आणि चिकटपट्टी. आजोबा रिक्षात माझ्या शेजारी बसले, डबा मांडीवर. खाडीवरच्या ऐरोली पुलावर त्यांनी एकदा डब्याला कान लावला.

चरईतला ओरांडा तीन आठवड्यांत भरून आला. नवे खवले जरा फिकट आहेत. टँकमध्ये आता तो एकटाच, नायट्रेटचा चौकोन फिकट गुलाबीवर टिकून आहे. काचा मुलगा घासतो, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने, दर रविवारी, त्यासाठी दहा रुपये घेतो.

ऐरोलीत पहिल्याच रात्री खरखऱ्याने झाकण सरकवलं. आता त्यावर दोन विटा आहेत. सप्टेंबरात त्या गृहस्थांनी काचेला टेप लावून फोटो पाठवला, साडेचौदा इंच. मी तो चरईला पाठवला. आजोबांचा उलटा फोन आला. त्यांना इंच नको होते. "वळताना शेपूट लागते का रे त्याची काचेला?"

मी ऐरोलीला विचारून कळवलं. लागत नाही.